ओल्या भिंतीवरची नदी

यंदा शहरात जांभळ्या रंगाची चलती आहे, ही बातमी गावाला शहराच्याही आधी कळली. नदीच घेऊन आली. मागच्या वर्षी हिरवा होता, त्याच्या मागच्या वर्षी मातकट लाल. कापड रंगवायचा कारखाना गावाच्या वरच्या अंगाला होता आणि त्याचं उष्टं पाणी एका जाड नळातून नदीत पडायचं. त्यामुळे अंगावर धड कपडा नसलेला माणूससुद्धा गावात फॅशनच्या बाबतीत मागे नसायचा.

पाऊस सरून थंडी लागली तसं नदीचं पाणी उतरलं आणि रंग दाट झाला. काठाला फेस साचू लागला. मासे पोट वर करून तरंगत यायचे आणि वळणावरच्या दगडांपाशी गोळा व्हायचे.

रंगाऱ्याला मात्र सुरुवातीला याचं वाईट वाटलं नव्हतं. गाव नदीकडे बघून नाक दाबायचं, तो डोळे मोठे करायचा. जन्मभर त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. डबे त्याच्याकडे तीन-चारच, त्यांतून जे होईल ते. एवढा खोल, एवढा मऊ जांभळा त्याला कधी साधला नव्हता. सकाळी धुकं पाण्यावरून सरकायचं आणि त्याच्या खालून तो रंग हळूहळू वर यायचा, झोपेतल्या माणसानं डोळे उघडावेत तसा. रंगारी काठावर उकिडवा बसून बघत राहायचा.

"उतरायचंय का पोहायला?" बायको विचारायची. ती चार घरची धुणी धुवायची. "नाही, असे टक लावून बसलात म्हणून विचारलं."

"रंग बघतोय गं."

"मग इकडे बघा." ती हात पुढे करायची. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली, तळहाताला भेगा आणि भेगांतून जांभळ्या रेघा. "हाही तोच रंग आहे. घरबसल्या दिसतो."

यावर रंगारी उठून घरी जायचा. वादात जिंकायची त्याला सवय नव्हती, आणि या वयात नव्या सवयी लागत नाहीत.

त्यांचा मुलगा त्याच कारखान्यात होता, रंगाच्या हौदावर. कापडाचे तागे हौदात बुडवायचे, काढायचे, पुन्हा बुडवायचे. घरात दोघांचेही हात रंगलेले, बापाचे नखांपर्यंत आणि मुलाचे कोपरांपर्यंत. पिढीगणिक प्रगती म्हणतात ती ही. घर चालायचं ते मुलाच्या त्या हातांवर. गावाच्या विहिरीला रंगाची झाक आल्यापासून सून पिण्याचं पाणी टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून आणायची. डोक्यावर घागर, कडेवर कळशी. नवरा ज्या पाण्याचा पगार आणतो त्याच पाण्यापायी आपण टेकडी चढतो, हे तिनं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. घागर ठेवताना जरा जोरात ठेवायची, इतकंच.

गावकरी एकदा तक्रार घेऊन कारखान्यावर जाऊन आले होते. साहेबानं सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, पाण्याची तपासणी झालेली आहे, पाणी पास आहे. म्हणजे नापास कोण, ते गावकऱ्यांनी परतीच्या वाटेवर आपसात ठरवायचं होतं.

अशात एक दिवस साहेबानं रंगाऱ्याला बोलावलं.

साहेब तसा सज्जन. कधी कुणावर ओरडायचा नाही. त्यासाठी वॉचमन ठेवला होता.

"तुम्हीच ते पाट्या रंगवणारे?"

"होय साहेब."

"आपली नदीकडची भिंत आहे ना, तिच्यावर मोठं चित्र हवंय. नदीचं. लांबून पाहुणे येणार आहेत, कापड घेणारे. आजकाल त्यांना कापडाबरोबर निसर्ग लागतो."

"नदी कशी हवी?"

"कशी म्हणजे? नदीसारखी. निळी. मासे, बगळे, हसऱ्या बायका. काठावर गावातली खरी माणसं दाखवा. पाहुण्यांना माणसं आवडतात. आणि मुख्य म्हणजे आनंद दिसला पाहिजे."

"आनंद," रंगारी स्वतःशी पुटपुटला. तो किती डबे लागेल याचा त्याला अंदाज येईना.

त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी भिंत. इकडून बघितली तर तिकडचं टोक धुक्यात. आजवर त्याच्या वाट्याला आलं ते न्हाव्याच्या दुकानाचं फळकुट आणि 'येथे पंक्चर काढून मिळेल'. शिवाय त्याच्या धंद्यात दोन अडचणी होत्या, आणि दोन्ही गावाला पाठ होत्या.

पहिली अशी की, जे काढायचं ते समोर असल्याशिवाय त्याचा हात चालायचा नाही. न्हाव्याची पाटी करताना त्यानं न्हाव्याला दिवसभर वस्तरा उगारून उभा केला होता. गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. टायरच्या दुकानावर सिंह हवा होता. सिंह मिळेना म्हणून त्यानं दुकानदाराचा कुत्रा समोर बसवला. तो सिंह आजही रस्त्यावर आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे शेपूट हलवल्यासारखा बघतो.

दुसरी अडचण म्हणजे दुरुस्ती. ज्याचं चित्र, त्यानं दुरुस्ती सांगितली की रंगारी ती करणारच. त्याच्या बापाची ही रीत, आणि बापाच्या बापाची. "रंग आपला, तोंड त्याचं," असं बाप म्हणायचा. दुरुस्तीला त्यानं आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं. न्हाव्याच्या बायकोनं सांगितलं म्हणून न्हाव्याला टक्कल काढलं, आणि न्हाव्यानं सांगितलं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केस.

पहिले काही दिवस त्यानं डोळे मिटून काम केलं. म्हणजे दोन फटकारे मारायचे, डोळे मिटायचे आणि लहानपणीची नदी आठवायची. पाण्यात पाय सोडून बसलं की छोटे मासे बोटांना टोचायचे. तळाचे गोटे मोजता यायचे. आठवता आठवता भिंत निळी होत गेली. दुपारच्या उन्हात तो भिंतीला पाठ टेकून झोपायचा आणि स्वप्नात तीच नदी दिसायची. जागा झाला की समोर दुसरी. दोन्हींतली कुठली खरी, हे त्याला क्षणभर कळायचं नाही.

मग माणसं काढायची वेळ आली. हसऱ्या बायकांसाठी त्यानं आधी घरच्याच बाईला उभं केलं.

"हास."

"कशाला?"

"साहेबांनी सांगितलंय."

"हसायचं मला, आणि सांगायचं साहेबांनी?" असं म्हणून तिला खरंच हसू आलं. तेवढ्यात त्यानं चेहरा उरकून घेतला.

संध्याकाळी ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि म्हणाली, "तोंड बरं आलंय. हात माझे नाहीत."

"हातच आहेत की."

"कुणाचे? असे गुळगुळीत हात माझ्या लग्नातसुद्धा नव्हते. उद्या लोक म्हणतील, ही धुणं धुते की नुसती नदीवर मिरवते? दुरुस्ती सांगतेय मी."

दुरुस्ती म्हटल्यावर रंगाऱ्याचा निरुपाय झाला. दुसऱ्या दिवशी तिनं हात पुढे धरले आणि त्यानं ते काढले, एकेका भेगेसकट. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं ते हात इतका वेळ बघितले नव्हते. मध्येच त्याचा ब्रश थांबला.

"दुखतात का गं?"

"चित्र काढा," ती म्हणाली.

ही बातमी गावात पसरली. एकेकाला समोर उभं करूनच काढलेलं, त्यामुळे चित्रात आपण आहोत हे प्रत्येकाला माहीत होतं. दुरुस्ती सांगता येते हे आता आठवलं. पहिला आला जाळेवाला काका. आयुष्यभर मासे धरलेला माणूस. आता रिकामं जाळं उसवायचा आणि पुन्हा विणायचा, हातांना काम म्हणून.

"माझ्या जाळ्यात एवढे मासे कुणी घातले रे?"

"साहेबांनी सांगितलेत, काका."

"मग साहेबांच्या जाळ्यात घाल. उद्या पाहुणे माझ्याकडे मासे मागायला आले तर मी काय हा रंगवलेला तळून देऊ? रिकामं कर."

मासे जाळ्यातून निघाले. पण नदीत सोडावेत तर काका म्हणाला, "तिथं कुठंयत?" मग ते वळणावरच्या दगडांपाशी गेले, पोट वर करून.

मग आली शेळीवाली म्हातारी, शेळीला दोरीनं ओढत. "ही बघ आणि ती बघ. ती भिंतीवरची गुबगुबीत कोण? माझीच्या पाठीवरचे केस गेलेत नदीचं पाणी पिऊन. हिनं ते चित्र बघितलं तर हिला काय वाटेल?"

शेळीला काय वाटेल याचा विचार करून रंगाऱ्यानं तिच्या पाठीवरचे केस काढून टाकले. सून एका सकाळी टेकडीवरून येताना थांबली, डोक्यावरची घागर न उतरवताच म्हणाली, "मामंजी, मला नदीत पाणी भरताना काढलंय. मी तर तिकडून आणते." मग चित्रात एक टेकडी आली आणि टेकडीवर घागरीखाली मान ताठ केलेली एक बाई.

"बगळे कधीपासून नाहीत रे?" काकानं विचारलं. कुणालाच आठवेना. बगळ्यांची दुरुस्ती सांगायला बगळेच यायला हवे होते. ते आले नाहीत म्हणून रंगाऱ्यानं पुसले.

हे सगळं वॉचमनच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. पण तोही चित्रात होता, फाटकापाशी, आणि पहिल्याच दिवशी त्यानं आपली मिशी दाट करून घेतली होती. एवढी चांगली मिशी असलेल्या चित्राविरुद्ध चुगली करणं त्याच्या जिवावर आलं. साहेब तर शहरात पाहुण्यांच्या तयारीत होता.

शेवटी उरली नदी. निळ्या पाण्यात बायकोचे ते हात शोभेनात. शेळी शोभेना, जाळं शोभेना. रंगारी एका सकाळी नदीवर उतरला, डबाभर पाणी घेऊन आला, भिंतीपाशी ठेवला आणि त्याच्याशी ताडून रंग कालवायला बसला. लाल घातला, निळा घातला, थेंबभर काळा. दुपार कलता कलता तो साधला. तोच, खोल, मऊ, झोपेतून उठणारा जांभळा. पाणी आलं म्हणून ते सोडणारा कारखान्याचा नळही आला. रंगारी मागे सरकत सरकत पार काठापर्यंत गेला आणि बघत राहिला. आनंद दिसला पाहिजे, ही साहेबाची अट त्या घटकेला पुरी झाली. फक्त तो भिंतीवर नव्हता, भिंतीसमोर उभा होता.

एक कोपरा तेवढा अर्धा राहिला. कारखान्याच्या फाटकातून कामगार बाहेर पडतात, त्यात एक उंच माणूस होता. त्याला अंग होतं, चेहरा नव्हता आणि हातही नव्हते.

"हा कोण?" बायकोनं विचारलं.

"कोणी नाही. उभा राहायला कोणी मिळालं नाही."

मुलाला त्यानं दोनदा म्हणून बघितलं होतं, घटकाभर समोर उभा राहा. मुलगा म्हणाला होता, "मला वेळ नाही, बाबा. आणि माझं चित्र नको."

त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर मुलगा भिंतीसमोर आला आणि जागच्या जागी थबकला.

"हे काय करून ठेवलंत?"

"मी काही केलं नाही. दुरुस्त्या आल्या."

"दुरुस्त्या! बाबा, ही भिंत कारखान्याची आहे. न्हाव्याचं फळकुट नाही. माझी भाकरी आहे तिथं. तुमचीपण."

रंगाऱ्याला तोवर खरंच कळलं नव्हतं. एकेक दुरुस्ती छोटीशी होती. सगळ्यांची मिळून काय झालं ते त्यानं मुलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा बघितलं. तो मुकाट्यानं रंगाचे डबे गोळा करायला लागला.

साहेब आला तो दुसऱ्या दिवशी. गाडीतून उतरला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. लोक जरा लांब उभे राहिले, पण ऐकू येईल इतक्याच लांब.

"हे काय आहे?"

"नदी, साहेब."

"कुठली?"

रंगाऱ्यानं मागे वळून नदीकडे बघितलं, खात्री करायला. "हीच."

"अहो, निळी सांगितली होती ना? आणि हे हात? ही शेळी?" साहेब भिंतीच्या कडेनं चालत गेला. ओरडला नाही. चालता चालता थांबला. कारखाना त्यानंच उभारला होता, वीट न् वीट त्याला ठाऊक. त्याच्या तोंडून नकळत निघून गेलं, "आणि आपला नळ इकडे कुठे दाखवलात? तो डावीकडे आहे. त्या आवळ्याच्या... त्या झाडाच्या खाली."

लोकांच्या माना डावीकडे, झाडाकडे वळल्या.

"चुकलंच, साहेब," रंगारी म्हणाला, आणि ब्रश उचलून नळ डावीकडे घ्यायला लागला. त्याचा इलाज नव्हता. दुरुस्ती आली होती.

"थांबा! मी काय सांगतोय आणि तुम्ही काय करताय? मला हे चित्र नकोय. सगळीकडे चुना मारा. उद्याच्या उद्या." मग साहेब आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाला, "तुमचा मुलगा हौदावर आहे ना? चांगला पोरगा आहे. त्याच्यासाठी सांगतो. पाहुण्यांना हे दिसलं, तर त्यानं दुसऱ्या दिवसापासून यायची गरज नाही."

साहेब आत गेला. रंगाऱ्यानं नळ पुरा केला आणि मगच डबे आवरले. अर्धवट दुरुस्ती सोडणं म्हणजे बापाला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी बाप आणि मुलगा दोघं मिळून चुना मारायला उभे राहिले. मुलानं रजा टाकली होती. मुलगा पाणी आणून पत्र्याच्या टिपात ओतायचा, बाप ढवळायचा, दोघं मारायचे.

"अजून दिसतंय सगळं," मुलगा शेवटी म्हणाला. कुंचा आईच्या हातांवरून तिसऱ्यांदा फिरवत होता आणि हात जात नव्हते.

"ओला चुना काचेसारखा असतो. वाळला की पांढरा होतो. घासू नकोस."

"मी घासत नाहीये."

"आईचे हात आहेत ते. हळू."

मुलानं कुंचा खाली केला. त्याच्या कोपरापर्यंतच्या जांभळ्या कातडीवर चुन्याचे पांढरे ओघळ आले होते. पुढचा फटकारा त्यानं हळू मारला.

दुपारी भिंत वाळली. पांढरीशुभ्र. नदी नाही, शेळी नाही, टेकडी नाही. साहेब येऊन बघून गेला. "छान," म्हणाला. "स्वच्छ वाटतं. झालं ना आता?"

चुन्याचे हात दोन मारायचे असतात. एका हातानं झाकलेलं वाळकं असेपर्यंतच झाकलेलं राहतं. रंगाऱ्यानं हे सांगायला तोंड उघडलं. भिंतीकडे बघितलं, आणि तोंड पुन्हा मिटलं.

"झालं, साहेब," तो म्हणाला.

जन्मभरात त्यानं केलेलं बंड एवढंच, एक न बोललेलं वाक्य. आणि तेही बोलायचं राहून गेलं की मुद्दाम बोलला नाही, हे त्याचं त्याला नक्की सांगता आलं नसतं.

त्यानंतरच्या सकाळी धुकं दाट होतं. धुणं घेऊन रंगाऱ्याची बायको भिंतीजवळून निघाली आणि थांबली. भिंत दवानं भिजली होती. पांढऱ्याच्या आतून काहीतरी वर येत होतं. आधी टेकडी आली, मग टेकडीवरची बाई. शेळी आली. मग जांभळं पाणी, आणि पाण्यावर वाकलेली ती स्वतः. धुकं नदीवरून उठून भिंतीवर जात होतं आणि भिंतीवरली नदी धुक्यात मिसळत होती. कुठली कुठं संपते ते कळत नव्हतं. तिनं हात लावला. ओला चुना बोटांना झोंबला.

ऊन वर आलं तशी एकेक वस्तू मागे गेली. सगळ्यात शेवटी हात गेले.

मग रोजच तसं होऊ लागलं. दिवस उजाडताना लोक भिंतीपाशी जमायचे, कुडकुडत, घोंगडी लपेटून. आपण आपल्या जागी उमटलो की नाही एवढं बघायचं आणि कामाला जायचं. "मी आज जरा उशिरा आलो," जाळेवाला काका सांगायचा. म्हणजे घरून नव्हे, भिंतीवर. वरच्या गावची माणसंही बघून गेली. त्यांनी आपल्याकडच्या नदीचा रंग सांगितला. त्यांच्याकडे अजून निळी होती. बघून परत जाताना ती जरा घाईनं गेली. साहेब दहाला यायचा. दहाला भिंत पांढरी असायची.

पण पहिल्या पाळीला जाणारा मुलगा ती रोज बघायचा.

"दुसरा हात मारून टाका, बाबा," तो एकदा जेवताना म्हणाला. "पाहुणे येताहेत. सकाळचे आले तर?"

"मारतो."

"नक्की?"

"चुना भिजत घातलाय बघ टिपात."

घातला होता खराच. पण रोज काही ना काही निघायचं. कधी कुंचा सापडेना, कधी रंगाऱ्याची कंबर धरे. कुंचा कुठं जातो हे बायकोला विचारलं की ती म्हणायची, "माझ्या हातांनी काही धरवतं का? मी कशाला घेऊ?" पाहुण्यांच्या आदल्या दिवशी रंगारी कुंचा घेऊन टिपाशी गेला, तर टीप कोरडं.

"चुना कुठाय?"

"संपला, मामंजी," सून भांडी घासता घासता म्हणाली. "गोठ्याला मारला. दोन हात."

गोठ्यात एकच शेळी होती, तीही म्हातारीची, दुखणाईत म्हणून आणून ठेवलेली. ती इतक्या पांढऱ्या भिंतींकडे बिचकून बघत होती. जेवायला बसलेल्या मुलानं आपल्या बायकोकडे बघितलं. तिनं घागर उचलली, जोरात ठेवली आणि पुन्हा भांडी घासायला लागली. मुलगा न जेवता उठून गेला.

पाहुणे आले ते भर उन्हात. साहेबानं वेळ मुद्दाम तशी ठेवली होती की आपोआप तशी आली, कोण जाणे. गाड्या थांबल्या. भिंत लखलखत होती. पाहुण्यांत एक उंच बाई होती, त्यांची मुख्य. तिच्या गळ्यात यंदाचा जांभळा रुमाल.

"ही आमची नदीकडची बाजू," साहेब म्हणाला. "मोकळी ठेवलीय. शांत वाटतं."

नदीकडून बायका वापराच्या पाण्याच्या घागरी घेऊन वर येत होत्या. रंगारी झाडाखाली बसला होता. त्याला वाटलं, नेहमीसारख्या निघून जातील. सगळ्यात पुढे त्याची बायको होती. ती भिंतीपाशी आली, थांबली, आपली जागा कुठली ते डोळ्यांनी अजमावलं आणि घागर दोन्ही हातांनी उचलून पाणी भिंतीवर मारलं.

"अहो बाई!" वॉचमन धावला.

"चुन्याला पाणी मारावं लागतं," ती शांतपणे म्हणाली. "पक्का होतो."

पाणी ओघळलं, आणि पांढऱ्यातून हात आले. नुसते हात, भेगांसकट.

मग सून आली. तिनं टेकडीवर पाणी मारलं. शेळीवालीनं तांब्या आणला होता, तेवढ्यानं शेळीची पाठ भिजली. जाळेवाल्या काकानं जाळंच नदीत बुडवून आणलं आणि भिंतीवर झटकलं. ज्यानं त्यानं आपली आपली दुरुस्ती भिजवली. हां हां म्हणता नदी खालपासून वरपर्यंत उघडी झाली. उन्हात ती ओली भिंत चमकत होती आणि तिच्यावरून तेच जांभळं पाणी खाली येत होतं. कुणी घोषणा दिली नाही. घागरींचा आवाज तेवढा होता. वॉचमन अर्ध्या वाटेत थांबला. त्याची मिशी नुकतीच उमटत होती.

उंच बाई पुढे आली. तिनं रंगवलेलं पाणी बघितलं, मागे वळून नदी बघितली.

"हा नळ खरंच इथे आहे?" तिनं विचारलं.

साहेबानं घसा खाकरला. पण शेळीवाली म्हातारी जवळ होती, आणि तिला खोटं ऐकून घ्यायची सवय असली तरी अर्धवट माहिती खपत नव्हती.

"आहे की! आधी यानं चुकून उजवीकडे काढला होता. साहेबांनी स्वतः सांगून डावीकडे करून घेतला. भला माणूस आहे."

बाई साहेबाकडे बघत राहिली. मग तिचा हात गळ्याकडे गेला. तिनं रुमाल हळूच काढला, बोटांत धरला, आणि तो कुठं ठेवावा हे तिला काही केल्या सुचेना.

साहेब वळला. आता आवाज मायेचा नव्हता. "हौदावरच्या त्या पोराला बोलवा," तो वॉचमनला म्हणाला.

रंगारी उठून उभा राहिला. तो साहेबापर्यंत गेला, हात जोडले. "साहेब, माझी चूक आहे. दुसरा हात मारायचा माझ्याकडूनच राहिला. त्याला यातलं काही माहीत नाही. तो रोज मला मार मार म्हणत होता."

फाटकातून मुलगा आलाच. कुणी बोलावण्याआधीच निघाला असावा, कारण त्याचे हात अजून ओले होते आणि कोपरांवरून रंग ठिबकत होता. त्याच्यामागे हौदावरची बाकीची पोरं फाटकाशी येऊन उभी राहिली. मुलानं साहेबाकडे बघितलं नाही. बापाचे जोडलेले हात बघितले, ते खाली केले आणि भिंतीकडे चालत गेला. आईशेजारून, बायकोशेजारून. कोपऱ्यात तो उंच माणूस कोरडाच होता. मुलानं आईच्या हातातली घागर घेतली. तळाशी थोडं पाणी होतं, ते तिथं ओतलं. फाटक आलं, कामगार आले, आणि चेहरा नसलेला, हात नसलेला तो आला.

मुलगा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "माझी दुरुस्ती राहिलीय."

बायकोनं पदराआडून कुंचा आणि ब्रश दोन्ही काढले, त्यातला ब्रश त्याच्या हातात दिला. त्यानं तो झटकला, डोळे पुसले आणि मुलाकडे बोट केलं.

"असा नाही. उजेडात ये. हात पुढे धर, दोन्ही. आणि हलू नकोस. समोर उभं राहिल्याशिवाय माझा हात चालत नाही, माहितीय ना?"